मधल्या मोटारीचे नागोराव

नागोराव पवळे माणसाचा चेहरा बघत नाहीत, गुडघे बघतात. नांदेडला लातूर फाट्याजवळ त्यांच्या शेजारचं घर मी भाड्यानं घेतलं, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरवत होतो. फाटकाशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या पँटीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "डावा कुरकुरतो ना?"

मला वाटलं, टेम्पोच्या चाकाबद्दल विचारतायत.

"गुडघा हो," ते म्हणाले. "पायरी उतरताना डाव्या पायाला लाडात ठेवून राहिले तुम्ही."

गुडघा दुखत होता हे खरं होतं. पुढे कितीतरी दिवस ते कॉलनीत माझी ओळख "हे डावे सर" अशी करून देत. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे दोघातिघांचा माझ्या राजकारणाबद्दल गैरसमज झाला. एक जण तर वर्गणी मागायला आला.

नागोराव साखर कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर घरी बसून माणसं जे करतात, म्हणजे पेपर वाचून सरकारला शिव्या देणं, ते त्यांनी आठवडाभर करून बघितलं. जमलं नाही. मग त्यांनी जुन्या सायकलींना बॅटरीची मोटार बसवायचं काम सुरू केलं. पण मोटार चाकात नाही बसवायची. चाकात मोटार म्हणजे त्यांच्या मते लेकराच्या पायात लोखंडी वजन बांधून त्याला पळायला लावणं. मोटार पायडलच्या मधल्या आखात बसली पाहिजे. तिथून तिचा जोर चैनीत जातो, चैनीतून मागच्या चाकात, आणि चढ आला की गिअर बदलून जोर वाढवता येतो.

"जोर मधी पायजे, सर," हे त्यांचं आवडतं वाक्य. सायकलीपुरतं बोलले असते तर प्रश्न नव्हता. पण एकदा पटलं की पटलं. त्यांचा भांग मधोमध, तुळस अंगणाच्या मधोमध, त्यामुळे स्कूटर आत आणायची तर तुळशीला प्रदक्षिणा घालावी लागते. एसटीत चढले की मधल्या सीटवरच्या माणसाला उठवून स्वतः बसतात आणि त्याला खिडकी देतात. तो बिचारा आभार मानतो.

घराचा हॉल म्हणजे त्यांचा कारखाना. छताच्या मधोमध पंख्याचा हुक आहे. त्या हुकाला पंखा नाही, सायकल लटकते. कारण दुसरीकडे कुठे टांगली तर ती म्हणे "एका अंगाला झुकते." नांदेडच्या मे महिन्यात पाहुणे घाम पुसत त्या लटकत्या सायकलीकडे बघत बसतात आणि नागोराव चाक फिरवून दाखवतात. थोडा वारा येतोही.

त्यांच्या बायको चंद्रकलाकाकू या सगळ्यात शांतपणे वावरतात. त्यांची तक्रार एकच, फ्रीजची. बेरिंग थंड केलं की किंचित आकसतं आणि जागेवर सहज बसतं, म्हणून नागोराव बेरिंगं बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. एकदा त्यांच्या लेकीची सासू लातूरहून आली होती. उन्हातून आलेल्या विहीणबाईंना काकूंनी घाईघाईत सरबत दिलं. ग्लासात काहीतरी टणटण वाजलं. विहीणबाईंनी चमच्यानं बेरिंग बाहेर काढलं, पुसलं आणि बशीत ठेवलं. नागोराव कळवळून म्हणाले, "साखर लागली का त्याला? आता पुन्हा धुवावं लागंल."

सायकल मागायला येणाऱ्या माणसाला आधी त्यांच्या अंगणात उठाबशा काढाव्या लागतात. नागोराव बाजूला वाकून गुडघ्याचा आवाज ऐकतात. मग हातात नुसतं पकडायचं आणि पळायचं, असा अॅक्सिलेटर कुणी मागितला की मामला बिघडतो. त्यांची सायकल पायडल मारल्याशिवाय मदत करत नाही. "मोटार मदतनीस हाय, नोकर न्हाई. आधी पाय हलवा, मग मागा." मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक अडत व्यापारी फारच हटून बसला. त्याला पाय हलवायचेच नव्हते. नागोरावांनी पाना घेतला, त्याच्या सायकलीची दोन्ही पायडलं काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "मग हे कामून पायजेत तुम्हाला? घरी घेऊन जा."

व्यापारी रागानं गेला आणि संध्याकाळी पायडलं घेऊन परत आला. आता तो रोज मोंढ्यात सायकलनं जातो. पोट बरंच आत गेलंय, पण नागोरावांना विचारलं तर ते सांगतील, "उजवा गुडघा सुधारला."

एवढ्या सायकली त्या घरातून बाहेर पडल्या, पण ट्रायलला नागोराव कधी बसत नसत. गिऱ्हाइकाला बसवायचे, नाहीतर मला हाक मारायचे. कधी डोळे आले असायचे, कधी पाठीत चमक भरलेली असायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आचारी तरी पहिल्या पंगतीत कुठे बसतो.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बिलकीस आपांची सायकल तयार झाली.

आपा म्हणजे काकूंची मैत्रीण, ब्लाउज शिवतात. शिवणाच्या मशीनवर बसून बसून गुडघे धरले होते. सायकल मिळाल्यावर त्या शिवलेले कपडे घरोघर पोचवायला लागल्या. एक दिवस काकूंनी अंगणात उभं राहून आपांची सायकल हातात घेतली, साडीचा पदर खोचला आणि कुणाला काही कळायच्या आत फाटकातून बाहेर गेल्या. कॉलनीला एक फेरी मारून आल्या. आल्या त्या गालातल्या गालात हसत.

नागोराव हातात पाना घेऊन तसेच उभे. "तुला येती?"

"उदगीरला शाळेत सायकलनंच जात होते मी. वडलांची होती, मोठी, दांडीची."

"आजवर बोलली न्हाईस."

"तुम्ही कधी विचारलं?" काकू म्हणाल्या. लग्नाला एक जन्म झाला होता, आणि नवऱ्याला हे माहीत नव्हतं. काकूंचे गुडघे मात्र त्यांना तोंडपाठ होते.

पुढच्या महिन्यात नागोरावांनी काकूंसाठी जी सायकल बांधली, तसली त्यांनी आधी कुणासाठी बांधली नव्हती. मोटारीतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजतं, म्हणून ते दोनदा बदललं. ग्रीस स्वतःच्या बोटानं भरलं. चैनीला साडी लागू नये म्हणून पत्र्याचं झाकण ठोकलं आणि त्याच्या कडा लोण्यासारख्या घासल्या. आणि काकू निघाल्या. रोज सकाळी आपांबरोबर. कधी नदीच्या घाटावर, कधी भाजीला, कधी उगीचच. परत यायच्या तेव्हा दोघींच्या गप्पा फाटकाच्या आधी ऐकू यायच्या.

नागोराव मात्र त्या दिवसांत जरा बेजार दिसायचे. गिऱ्हाइकांवर खेकसायचे. एकाची चैन उलटी बसवली. विचारलं तर म्हणायचे, "काही न्हाई, उन्हाचं डोकं दुखून राहिलं."

एका रविवारी काकूंचा फोन आला. त्या आणि आपा विष्णुपुरीकडे गेल्या होत्या आणि धरणाच्या चढावर काकूंची चैन तुटली होती. काकूंना लागलं नव्हतं. नागोराव मात्र तेवढ्यानंच पांढरेफटक पडले. अंगणात उठाबशा काढणारे एक गृहस्थ म्हणाले, "काका, एखादी सायकल घ्या ना इथली. पोचताल झटकन."

नागोरावांनी हत्यारांची पिशवी घेतली, भिंतीशी उभी असलेली एक सायकल घेतली आणि निघाले. मी हे माझ्या ओसरीवरून पाहिलं. थोड्या वेळानं वाटलं, आपणही जावं, दोन बायका उन्हात अडकल्यात. स्कूटर काढली. लातूर रोडला लागतो तो पुढे नागोराव दिसले. सायकल हातानं ढकलत, जवळजवळ पळत चालले होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

मी स्कूटर थांबवली. "काय झालं? मोटार बंद पडली का?"

"न्हाई. मोटार चांगली हाय."

"मग बसा की तिच्यावर."

ते थांबले. रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला सायकल येत न्हाई, सर."

मी स्कूटर स्टँडवर लावली. ते आपणहून सांगू लागले. लोह्याकडच्या त्यांच्या खेड्यात घरी सायकल नव्हती. शाळेत पायी. पुढे नोकरी लागली तर कारखान्याची गाडी न्यायला यायची. मग वय वाढलं, आणि एवढ्या मोठ्या माणसानं रस्त्यावर पडत पडत शिकायचं म्हणजे लोक हसणार. "ऑटोवाल्याला म्हणलं, सायकलीसगट घे. तो न्हाई म्हणला."

"सायकल आणलीच कशाला मग?"

"तिला घरी यायला चांगली सायकल नको का?"

ती सायकल आम्ही चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवली आणि त्यांना मी मागे बसवलं. विष्णुपुरीला पोचलो तेव्हा दोघी लिंबाच्या सावलीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. नागोरावांनी आधी काकूंचे गुडघे पाहिले, मग कोपर, मग चैन. काकूंनी मोटारीची पूर्ण मदत लावून अवजड गिअरवर चढ घेतला होता, त्यानं ती तुटली. नागोरावांनी पिशवीतून जोडकडी काढली, तुटलेली कडी फेकली, चैन जोडली, हात मातीला पुसले. रागावले नाहीत.

"मी लई थकले," काकू म्हणाल्या. "मी सरांच्या मागं बसून येते. तुम्ही ही सायकल घेऊन या."

नागोराव हत्यारं पिशवीत घालत राहिले. एकच पाना त्यांनी दोनदा आत टाकला, दोनदा बाहेर काढला. मी दुसरीकडे पाहिलं.

"चंद्रकला," ते म्हणाले, "मला चालवता येत न्हाई."

आपांच्या हातातली शेंग हातातच राहिली. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हसतील. त्या उठल्या, साडीवरची टरफलं झटकली आणि म्हणाल्या, "उद्यापासून सहाला उठायचं."

आमच्या कॉलेजच्या मैदानावर मग जे शिक्षण चाललं, ते मी रोज फिरायच्या निमित्तानं बघायला जात असे. काकूंनी पहिल्याच दिवशी मोटार बंद करून टाकली. नागोरावांनी हरकत घेतली. "थोडी मदत तरी असू दे."

"आधी पाय हलवा," काकू म्हणाल्या.

नागोरावांची अडचण वेगळीच होती. ते पुढे बघतच नसत. मान खाली, नजर पायडलवर, कान मोटारीकडे, आणि मोटार तर बंद. काकू कॅरिअर धरून मागे पळायच्या. "पुढं बघा. खाली काय हाय? पुढं बघा." आपा कडेला उभ्या राहून सूचना द्यायच्या, "भाईजान, हँडल इतना जोर से नक्को पकडो, ते पळून जाणार न्हाई." नागोराव एकदा गोलपोस्टच्या जाळीत गेले. एकदा मैदानावर योगासनं करणाऱ्या मंडळींच्या बरोबर मधून गेले. त्या मंडळींना दोन्ही बाजूंना लोळावं लागलं.

मग एके दिवशी काकूंनी कॅरिअर सोडलं. नागोरावांना कळलं नाही. अर्धं मैदान ते एकटेच गेले, तोंडानं "सोडू नको, सोडू नको" म्हणत. काकू मागे कमरेवर हात ठेवून उभ्या, धापा टाकत, हसत. वळून त्यांनी बघितलं, तेव्हा मागे कुणी नव्हतं, आणि ते पडलेही नाहीत. मोठी फेरी घेऊन परत आले. थांबायचं कसं ते अजून शिकवलं नव्हतं, म्हणून अजून एक फेरी घेतली.

आता रोज सकाळी तिघं निघतात. मधल्या जागेवर नागोराव हक्क सांगतात की नाही, हे मी विचारलेलं नाही. गेल्या आठवड्यात ते चाकांत हवा भरत होते. काकू आत आवरत होत्या. मी फाटकाशी उभा राहून म्हटलं, "नागोराव, मधे काही दिवस सकाळी तुमच्याकडून मोटारीचा आवाज यायचा, तासभर. आता येत नाही. काम कमी झालं का?"

त्यांनी पंपाचा दांडा खाली दाबला, मग वर घेतला.

"ते काम नव्हतं, सर," ते म्हणाले. "ही गेली की घर लई गप होऊन जायचं. लेक लातूरला, इथं आम्ही दोघंच. मग एखादी मोटार स्टँडला लावून फिरत ठेवायचो. घरात काहीतरी चालू हाय, असं वाटायचं."

त्यांनी अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं. पुरेशी हवा होती. तरी अजून थोडी भरली.

आतून काकूंची हाक आली, "येऊन राहिले ना?"

"हाव," नागोराव म्हणाले, आणि पंप तिथंच टाकून त्यांनी काकूंची सायकल आधी बाहेर काढली.