पागनीस सर आणि पेशीचा सांगाडा

पागनीस सर पोह्यांवरची शेव कधी सरळ खात नाहीत. सकाळी फ्रीगंज बाजारातल्या दुकानात नाश्त्याला भेटले की आधी प्लेटच्या कडेला शेवेचं जाळं मांडतात, त्यावर डाळिंबाचे दाणे ठेवतात आणि शेजारी उभा असेल त्याला विचारतात, "बताओ, ये क्या है?"

"नाश्ता," पहिल्या वेळी मी म्हणालो होतो.

"पेशी! ही शेव म्हणजे पेशीचा सांगाडा, बारीक तंतूंचा. हे दाणे म्हणजे प्रोटीन बनवणारी यंत्रं. लोकांना वाटतं, ती अशीच तरंगत असतात. बिलकुल नहीं! पुष्कळशी या तंतूंना धरून असतात. तंतू मोडले, की प्रोटीनचं काम ढेपाळलंच समजा."

"सर, पोहे ठंडे हो रहे हैं," दुकानदार म्हणाला.

"होने दो. विज्ञान गरम है!"

कॉलेजात जीवशास्त्र शिकवून सर रिटायर झाले. माधवनगरात आमच्या शेजारी एकटेच राहतात. दिसेल तो त्यांचा विद्यार्थी. एका बारशात तर पाळण्याच्या दोऱ्या हातात धरून त्यांनी असं काही व्याख्यान दिलं, की आत्याबाई बाळाचं नावच विसरल्या.

आई गेल्यावर बाबांना मी नानाखेड्याहून माझ्याकडे आणलं. बाबा बँकेतले, मोठे गप्पिष्ट. आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, धड जेवायचेही नाहीत. सर रोज संध्याकाळी येऊन त्यांनाच तंतू शिकवू लागले. शेवटी एकदा मी त्यांना फाटकाशी गाठलं.

"सर, बाबांना यातलं काही कळत नाही हो."

"मालूम है." सरांचा आवाज खाली आला. "प्रयोगशाळेत काही पेशी काचेवरून सोडवल्या ना, की गोल होऊन बसतात. प्रोटीन बनवणं पार मंदावतं. मरत नाहीत हं लगेच. पुन्हा कशाला तरी चिकटू दिलं, की पाय पसरतात, कामाला लागतात. तुझे बाबा सुटलेत रे. चिकटू देत कशाला तरी."

मी आत आलो. बाबा उठून बसले होते.

"त्रास होत असेल तर सरांना उद्यापासून नको म्हणून सांगतो," मी म्हणालो.

"खबरदार! घरी जाऊन बोलणार कोणाशी बिचारा? मला कळत काही नाही, मी नुसता हं हं करतो. तेवढंच त्याला बरं वाटतं." मग गालावरून हात फिरवत म्हणाले, "आणि उद्या माझं दाढीचं सामान काढून ठेव. मास्तरासमोर रोज असं बसणं बरं दिसत नाही."