दातेरी चाकूंची निगा: पोर्ट मॅडिगन येथील अनुभव

कुठल्याही समाजाची प्रगती त्याच्याकडे हत्यारं किती आहेत यावरून ठरत नाही, ती किती नीट ठेवलेली आहेत यावरून ठरते. हे वाक्य कुणाचं ते मला नक्की आठवत नाही. बहुधा माझंच असावं, मागच्या वार्षिक सभेतलं, कारण टाळ्या पडल्या नव्हत्या.

मी पोर्ट मॅडिगनच्या शेवंड (म्हणजे लॉब्स्टर) पकडणाऱ्यांच्या संघाचा, त्यातल्या चाकू उपसमितीचा, कार्यवाह आहे. (बर्फासंबंधी आणखी एक उपसमिती होती. ती भांडणात गेली.) गेली काही वर्षं आमच्या गावानं घडीच्या दातेरी चाकूची जी निगा राखली आहे तिला तोड नाही. ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

बोटीवर दातेरी चाकू कशाला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेवंडांचा पिंजरा पाण्यात ढकलला की त्याच्यामागे दोर सरसरत जातो. त्या वेटोळ्यात कुणाचा पाय असला तर पायही जातो, आणि पाय सहसा एकटा जात नाही. साधं पातं ओल्या दोरावरून घसरतं. दातेरी पातं दोराचा एकेक पीळ धरून तोडतं. म्हणून प्रत्येक खलाशाच्या खिशात असा चाकू हवा, आणि तोही एका हातानं उघडणारा. दुसऱ्या हातानं माणूस तेव्हा बोटीचा कठडा धरून बसलेला असतो.

मध्यंतरी एका खलाशाच्या पायाची बोटं गेली. बैल गेला आणि झोपा केला, या जुन्या आणि भरवशाच्या पद्धतीनं संघानं लगेच सगळ्यांना नारिंगी मुठीचे चाकू वाटले. चाकू भेट दिला तर मैत्री तुटते, असं आमच्याकडे मानतात. म्हणून प्रत्येकाकडून पाच सेंटचं नाणं घेऊन तो विकत दिल्याचं दाखवलं. मैत्री तशीही फार नव्हती, पण उगाच विषाची परीक्षा कशाला?

वर्षभरानं आम्ही पाहणी केली. चाकूचा उपयोग कशासाठी केला, या प्रश्नाला आलेली उत्तरं अशी: टोमॅटो, पाव, आमिषाच्या खोक्यांच्या पट्ट्या, पायाची नखं, बोटीच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्या, रंगाचे डबे, रेडिओचे स्क्रू, आणि एका सद्गृहस्थांच्या बाबतीत मुलीच्या लग्नाचा केक. ‘दोर कापणे’ हे उत्तर एकानंच दिलं होतं, आणि तो दोर शेजाऱ्याच्या पिंजऱ्याचा होता.

चाकूंची दशा बघवत नव्हती. पात्यांना गंज, घडीच्या खिळीत मीठ, दातांत कालच्या माशाचे खवले. धार तर कुणी लावलीच नव्हती. दातेरी चाकूला धार लावावी लागत नाही, अशी पोर्ट मॅडिगनमध्ये सगळ्यांचीच ठाम समजूत आहे. ती खोटी आहे. बारीक गोल कानस घेऊन एकेका खाचेतून फिरवावी लागते, तीही पात्याच्या एकाच बाजूनं. मग दुसऱ्या बाजूला उठलेली धातूची कोर अलगद घासून काढायची. यात एक संध्याकाळ जाते आणि संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल असतो. समजूत खोटी असली तरी गैरसोयीची नव्हती, त्यामुळे समितीनं तिला हात लावला नाही. शिवाय ज्याला दात आहेत ते बोथट झालं तरी पटकन कुणाच्या लक्षात येत नाही, हा दातांचा मोठाच गुण आहे. आमचे अध्यक्ष बरीच वर्षं त्या जोरावर निवडून येत आहेत.

तरी निगा राखायला उत्तेजन हवं, म्हणून आम्ही स्पर्धा सुरू केली. वर्षातून एकदा फादर बोटींना आशीर्वाद द्यायला धक्क्यावर येतात. त्याच रविवारी ‘सर्वोत्तम निगा राखलेला चाकू’ या गटात फिरती ढाल द्यायची, आणि सलग तीन वर्षं जिंकेल त्याला ती कायमची, असं ठरलं. कसोट्या चारच: गंज नसावा, मीठ नसावं, दातांत बाह्य पदार्थ नसावा, आणि कारखान्यातून आलेली मूळ धार शाबूत असावी.

आता यात चूक काढून दाखवा. गंज कशानं येतो? पाण्यानं. मीठ कुठून येतं? समुद्रातून. मूळ धार कशानं जाते? कापल्यानं. तेव्हा समंजस माणसानं आपला चाकू समुद्रापासून आणि कापण्यापासून लांब ठेवायला सुरुवात केली, यात नवल ते काय! दोन वर्षांत पोर्ट मॅडिगनचे चाकू असे लखलखू लागले की त्यांत बघून दाढी करावी. ते सगळे घरी, कपाटात होते.

मग कुणीतरी सभेत खुसपट काढलं. घरी ठेवलेला चाकू हा राखलेला नव्हे, नुसता ठेवलेला, असा मुद्दा. मुद्दा बिनतोड होता. म्हणून नवा नियम केला: स्पर्धेचा चाकू प्रत्येक फेरीला बोटीवर असलाच पाहिजे. त्यामुळे आता प्रत्येकाकडे दोन चाकू असतात. ‘बरणीतला’ आणि ‘खिशातला’. बरणीतला नवा कोरा, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला, दमट हवेपासून जपायला तांदळाच्या बरणीत खोल पुरलेला. खिशातला तोच जुना, टोमॅटोचा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. हत्तीला कुणी नावं ठेवत नाही.

आशीर्वादाच्या दिवशी थोडी पंचाईत झाली, कारण फादर पवित्र पाणी शिंपडतात आणि पाणी ते पाणीच. आम्ही चाकूंवर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक ताणून बसवलं. आशीर्वाद प्लास्टिकमधून जातो, असं फादरनी सांगितलं. गंजाबद्दल त्यांनी हमी दिली नाही.

आता विंको रादिचबद्दल. विंको हा आमच्या धक्क्यावरचा जुना तांडेल, स्वतःच्या बोटीचा मालक. दोन वर्षं लागोपाठ ढाल त्याची. यंदा तिसरं वर्ष. त्यानं बैठकीच्या भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवून खिळा मोकळा करून ठेवला होता. (फोटोतल्या बाईंची हरकत नव्हती. त्या आधीच पर्थला निघून गेल्या होत्या.) मासे पकडण्यात, संसारात, पत्त्यांत, कशातच हा माणूस कधी पहिला आला नव्हता. ती ढाल त्याला किती हवी होती हे त्याच्याकडे नुसतं बघून कळायचं, आणि मला त्याची मनापासून कीव यायची.

त्याच्या बोटीवर खलाशी म्हणून डॅरिल पिकेट असतो. डॅरिल म्हणजे विंकोच्या बहिणीचा, झोराचा, नवरा. तोच आमच्या स्पर्धेचा मुख्य परीक्षकही आहे. यात काही वावगं नाही. आमच्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो, त्यामुळे ‘हितसंबंध’ हा शब्द आम्ही नियमांतून काढूनच टाकला.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी, खडकांच्या पलीकडे दोघं पिंजरे टाकत होते. डॅरिलनं पिंजरा ढकलला आणि दोराचं वेटोळं त्याच्या घोट्याला बसलं. क्षणात तो डेकवरून घसरत मागच्या कठड्याला जाऊन आदळला. एक पाय पाण्याकडे, दोन्ही हात कठड्याला. त्याचा स्वतःचा चाकू खिशात होता, पण हात सोडला असता तर तोच चाकूसकट पाण्यात गेला असता. विंकोनं इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि खिशातला चाकू उघडून धावला.

“काप!” डॅरिल ओरडला.

“कापतोय ना!”

“काप कसलं, खाजवतोयस लेका! पाय निघाला माझा!”

खिशातल्याच्या दातांच्या झिजून टेकड्या झाल्या होत्या आणि दोन टेकड्यांमध्ये न्याहारीचं चीज होतं. दोर नुसता ओला चकचकत होता.

“बरणीतला आण! विंको, बरणीतला!”

विंको थांबला. किती वेळ थांबला याबद्दल दोघांच्या जबान्या जुळत नाहीत. विंकोच्या मते एक श्वास. डॅरिलच्या मते तेवढ्यात एखाद्याचं लहानपण संपलं असतं.

“डॅरिल, रविवारी स्पर्धा आहे रे.”

“मला काय सांगतोस! मीच परीक्षक आहे!”

“मग परीक्षक म्हणून सांग. दोर कापलेला चालेल?”

“चालेल! आईशप्पत चालेल! ढाल तुझीच, घरी आणून देतो, पण आण बाबा!”

विंको केबिनमध्ये गेला. झाकण फिरवलं, तांदळात कोपरापर्यंत हात घातला, चाकू काढला, फडकं सोडलं. (फडक्याची घडी घातली की नाही, यावरही मतभेद आहेत.) बाहेर येऊन त्यानं पातं दोरावर टेकवलं आणि ओढलं. दोनदा. दोर तुटला, दोराबरोबर बुटाचा काठ आणि मोजाही कापला गेला, आणि डॅरिल पाठीवर पडून आभाळाला शिव्या घालू लागला.

विंकोनं मला नंतर धक्क्यावर सांगितलं, “कर्रकन आवाज आला आणि संपलं. तीन वर्षं तेल पाजतोय मी त्याला, आणि त्याला हे एवढं येतं हे मला माहीतच नव्हतं.” त्याचे डोळे भरून आले होते. खरं सांगायचं तर माझेही. झोरानं त्या दिवशी सगळ्यांदेखत भावाच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि त्याच्यासाठी भरलेल्या कोबीचं भलंमोठं पातेलं पाठवलं.

ते पातेलं तसंच राहिलं. विंको रविवारपर्यंत दात घासायचा ब्रश, रॉकेल आणि कापसाच्या वाती घेऊन चाकू साफ करत बसला होता.

रविवारी बोलिंग क्लबाच्या सभागृहात हिरव्या कापडावर चाकू मांडले. डॅरिल कुबडी टेकत आला. त्याचा घोटा वांग्यासारखा जांभळा झाला होता. भिंग घेऊन तो एकेक चाकू बघत विंकोच्या चाकूपाशी आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“चौथ्या आणि पाचव्या दातामध्ये बाह्य पदार्थ,” तो म्हणाला. “निळी लोकर.”

“तो तुझाच मोजा आहे, मेल्या!” झोरा मागून कडाडली. “मी विणलेला!”

“असेल. मोजा कुणाचा, याला नियमात गुण नाहीत.”

“तू शपथ घेतली होतीस,” विंको म्हणाला. अगदी हळू.

“घेतली होती ना. पण तेव्हा मी परीक्षक म्हणून बोलत नव्हतो, विंको. लटकलेला माणूस म्हणून बोलत होतो. लटकलेल्या माणसांच्या शब्दावर ढाली वाटायला लागलो, तर समितीची अब्रू काय राहील?”

झोरानं पर्स उचलली आणि ती बाहेर निघून गेली. डॅरिल त्या रात्री कुठे जेवला हे समितीच्या कक्षेत येत नाही.

मग नेव्हिल ॲस्क्यू यांचा चाकू पुढे आला. नेव्हिल यांना बोट लागते, म्हणजे मळमळते. त्यामुळे त्यांची बोट घरामागे ट्रेलरवर ताडपत्रीखाली असते. ते रोज सकाळी बरणी घेऊन शिडीनं बोटीवर चढतात, थोडा वेळ बसतात आणि उतरतात. नियमाची अट पुरी होते. त्यांच्या चाकूवर डाग नव्हता, मीठ नव्हतं, बाह्य पदार्थ नव्हता. फक्त पातं उघडेना, कारण कारखान्यातलं ग्रीस आत घट्ट बसलं होतं. अध्यक्षांनी चाकू बंद अवस्थेतच तपासावा असा निर्णय दिला. बंद चाकूत दोष आढळला नाही.

हात वर करून मतदान झालं. नेव्हिल यांच्या बाजूनं सगळ्यात आधी वर गेलेला हात विंकोचा होता. आपल्या चाकूकडे त्याला बघवत नव्हतं. नंतर दाराशी त्यानं माझी बाही धरली.

“खरं सांग,” तो म्हणाला. “खिशातल्यानंच आणखी थोडं रेटलं असतं, तर सुटला असता का रे तो?”

मी कार्यवाह आहे. मी म्हटलं, प्रयत्न करायला हरकत नव्हती.

आता तुम्ही हसत असाल. काय ही माणसं, असंही म्हणाल. अवश्य म्हणा. पण तुमच्या सोसायटीच्या जिन्यात आग विझवायचं ते लाल नळकांडं टांगलेलं आहे ना? दरवर्षी माणूस येऊन तपासल्याची चिठ्ठी चिकटवून जातो, दिवाळीला कुणीतरी ते पुसतं, आणि पोरांनी हात लावला तर तुम्हीच ओरडता. त्याची पिन कुठून काढायची, आणि आधी काय दाबायचं? नाही ना सांगता येत? पण चकचकीत आहे की नाही? मग झालं तर.