सातचा पेस

मी एवढंच ठरवलं होतं, की ‘किती वेळात पळशील?’ या प्रश्नाचं उत्तर अंदाजपंचे द्यायचं नाही. शास्त्रशुद्ध द्यायचं.

हा प्रश्न विचारला एकनाथकाकांनी. घिवलीत त्यांची स्वतःची बोट आहे आणि दिशा नावाची एकुलती एक मुलगी आहे. मी बोट मागायला गेलो नव्हतो.

माझे वडील सांगलीकडचे. अणुकेंद्रात नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. मी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकलो आणि परत आलो, कारण आपल्या गावांनी पळायला लागलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. (परत येण्यात दिशाचा काही वाटा नव्हता, असं मी आईला सांगितलं होतं. आईने ‘बरं’ म्हटलं होतं.) आल्या आल्या मी ‘घिवली दौड’ जाहीर केली. गावातून निघायचं, शेजारच्या पाम गावच्या रस्त्याला लागायचं आणि पाच किलोमीटरवरून परत फिरायचं.

मी दिशाचा हात मागितला त्या संध्याकाळी एकनाथकाका जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी आणखी दोन गाठी मारल्या. मग म्हणाले, “तुजी ती दौड हाय ना रविवारी. किती वेळात पळशील?”

मला हा विषय किती आवडतो याची त्यांना कल्पना नव्हती. मी खाली बसकण मारली आणि पेस म्हणजे काय ते समजावू लागलो. वेग म्हणजे तासाला किती किलोमीटर. पेस त्याच्या उलट, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं. त्यामुळे आकडा जितका लहान, तितका माणूस जोरात. आणि खरं म्हणजे आपण सगळे पेसमध्येच बोलतो. इथे कुणालाही विचारा, पाम किती लांब? उत्तर येतं, पंधरा मिनिटं. कुणाची पंधरा मिनिटं, रिक्षाची की सायकलची, हे कुणी सांगत नाही. पण अंतर मिनिटांत मोजायची बुद्धी आपल्याकडे उपजत आहे, हे केवढं विलक्षण आहे, असं मी म्हणालो.

“ते हाय विलक्षण,” एकनाथकाका म्हणाले. “पन तू किती वेळात येशील?”

माझा पेस सातचा. किलोमीटर दहा. म्हणजे सत्तर मिनिटं. सहाला निघालो की सात दहाला परत.

एकनाथकाकांनी दोरा दाताने तोडला. त्यांचं म्हणणं असं, की बोटीवरचा माणूस सांगितलेल्या वेळी परत आला नाही तर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून शिक्षण, पगार वगैरे नंतर बघू. माणूस बोलल्या वेळी घरी येतो की नाही ते आधी. “सात दाला आलास तर बोलनी करू. नाय आलास तर तुजी अमेरिका तुला आनि आमचं घर आमाला.”

दिशाने मला फाटकापाशी गाठलं. ती बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते आणि माझ्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. सत्तर कशाला सांगितलंस, ऐंशी सांगायचं होतं, असं तिचं म्हणणं. मी तिला समजावलं, की हौशी धावणाऱ्यांची वेळ चुकते ती पहिल्या किलोमीटरला जोशात पळाल्यामुळे. पहिल्यापासून शेवटपर्यंत पेस सारखा ठेवला की गणित चुकूच शकत नाही. आणि त्याची व्यवस्था मी करणार होतो.

ती व्यवस्था म्हणजे शकूआत्या. एकनाथकाकांची धाकटी बहीण. तिने हाक मारली की गावातल्या वीस बायका हातातलं काम टाकून येतात. मी तिला फोन केला. दर दोन किलोमीटरला दोन बायका उभ्या करायच्या, एकीच्या हातात घड्याळ, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा पेस सांगायचा, अशी माझी योजना. ती बाजारातून बोलत होती. मागे कोलाहल होता. मी ओरडून, मोजक्या शब्दांत सांगितलं.

“आत्या, दर दोन किलोमीटरला प्रत्येकाला पेस द्यायचा. सगळ्यांना सारखा महत्त्वाचा.”

“समद्यांना?”

“शेवटच्या माणसापर्यंत. मध्येच बंद करायचं नाही.”

मग आत्याने विचारलं, मीठ घालायचं का. मी थक्क झालो. घामावाटे मीठ जातं हे या बाईला कुणी शिकवलं असेल? मी म्हणालो, मीठ तर हवंच. (अमेरिकेत हे समजायला मला एक आख्खं सत्र लागलं होतं.)

रविवारी सहाला आम्ही साठेक जण निघालो. बोईसरहून कारखान्यांतले कामगार आले होते, गावातले तरुण होते, अणुकेंद्राच्या वसाहतीतले दोन निवृत्त साहेब होते. दिशा कडेला उभी होती. पहिला किलोमीटर मी साडेपाचच्या पेसने गेलो. सगळं शास्त्र मला पाठ होतं, पण ती बघत होती.

दुसऱ्या किलोमीटरला वळण आहे. ते ओलांडलं आणि समोर टेबल दिसलं, टेबलावर माझ्या कमरेएवढं पातेलं, पातेल्यामागे शकूआत्या आणि पातेल्यातून वाफ.

“थांब,” आत्या म्हणाली आणि माझ्या हातात वाडगा दिला.

“आत्या, हे काय?”

“पेज. तूच बोललास ना, समद्यांना सारखा पेज द्या.”

“पेस म्हणालो होतो मी. पेस. सारखा पेस.”

“तेच ते. पेज ‘सारखी’ असते, पन तू ‘सारखा’ बोललास. अमेरिकेत राहून तुजी भाषा बिघडली म्हनून कोनी हसायचं नाय, असं मी बायकांना आदीच बजावलंय.”

मी वाडग्याकडे पाहिलं. तांदळाची पेज उकळती होती. काठावर सुकटीची चटणी. आत्याला नाही म्हणणं म्हणजे सोयरीक जुळायच्या आधीच सोयरिकीला नाही म्हणणं. मी फुंकर मारू लागलो. उकळत्या पेजेचा एक वाडगा संपवायला माणसाला किती मिनिटं लागतात, यावर कुठल्याच पुस्तकात काही दिलेलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मागून येणारा प्रत्येक जण थांबत होता. कडेला उकिडवे बसून लोक फुरके मारत होते. बोईसरहून आलेल्या एकाने वाडगा पुढे करून विचारलं, “मौसी, चटनी और मिलेगी क्या?” निवृत्त साहेबांपैकी एक जण दुसऱ्याला सांगत होते, की स्पर्धांचं नियोजन असं हवं.

चौथ्या किलोमीटरला दुसरं पातेलं होतं. तिथल्या दोन्ही बायकांना आत्याचा निरोप होता, की जावयाला जरा जास्त वाढा. (‘जावई’ हा शब्द ऐकून मी विरघळलो आणि दुसरा वाडगाही घेतला.) मग सहाव्याला, मग आठव्याला. कुठेही हात आखडता घेतला गेला नाही. सगळ्यांना सारखी, शेवटच्या माणसापर्यंत.

माझ्या मनगटावरचं घड्याळ पेस दाखवत होतं. सात झाले, नऊ झाले, तेरा झाले. आकडा वाढतोय म्हणजे माणूस मंदावतोय, हे मी इतक्या जणांना समजावलं होतं. आता मी आतून समजत होतो. आठव्या किलोमीटरला घड्याळाने मला अदबीने विचारलं, व्यायाम संपवायचा का?

सात दहा कधीच होऊन गेले होते. पोटात पेज डचमळत होती, ऊन चढलं होतं, आणि मी मनातल्या मनात एकनाथकाकांना द्यायची उत्तरं जुळवत होतो. त्यातलं एकही त्यांच्यापुढे टिकणारं नव्हतं.

गाव एक किलोमीटरवर असताना समोरून एक माणूस येताना दिसला. पायात चप्पल, हात मागे बांधलेले. एकनाथकाका. वेळ टळून गेल्यावर माणूस आला नाही तर शोधायला निघायचं, एवढंच ते जाणत होते.

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. जिवंत आहे याची खात्री केली. मग वळले आणि माझ्या शेजारून गावाकडे चालू लागले. मी पळत होतो. मला कुणाचीही शपथ घालून विचारा, मी पळतच होतो.

थोडं अंतर गेल्यावर मी धापा टाकत म्हणालो, “काका, माझी वेळ चुकली. तुम्ही म्हणाल ते मला मान्य आहे.”

“वेळेचं जाऊ दे,” ते म्हणाले. “पोरगी द्यायला मला एकच भ्या वाटत व्हतं. तू शिकलेला मानूस. उद्या तिला टाकून परत अमेरिकेला पळालास तर आमी काय करायचं?”

“आणि आता?”

“आता नाय वाटत,” एकनाथकाका म्हणाले, आणि मी गाठेपर्यंत रस्त्याच्या कडेला थांबून राहिले.