नारळ मात्र शाबूत

एकतीस वर्षं उत्तरेश्वरनं माजलगावच्या धरणावर सरकारी मोटारबोट चालवली. त्या बोटीत साहेब बसले, साहेबांचे पाहुणे बसले, एकदा साहेबांचं कुत्रंही बसलं. बायको तेवढी बसली नाही. कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला मनाई होती. कुत्र्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर तीच बोट भंगारात निघाली, तेव्हा उत्तरेश्वरनं ती लिलावात घेतली आणि सहा वर्षं अंगणात उलटी घालून एकेक फळी दुरुस्त केली. बोट सागवानी, वयानं धरणापेक्षा मोठी, दुसऱ्या धरणावरून बदलीवर आलेली. पुण्याच्या अभिमन्यू नावाच्या शौकिनानं धरणाच्या काठावर जुन्या छोट्या मोटारबोटींचा मेळावा जाहीर केला आणि उत्तरेश्वरनं बायकोला शब्द दिला, "पहिल्या फेरीला तू." वत्सलाबाईनं ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं.

मेळाव्याला सात बोटी आल्या. सहा पुण्याकडच्या, ट्रेलरवर चादरी पांघरून, नव्या नवरीसारख्या. सातवी उत्तरेश्वरची. फेरी दहाला सुटायची होती. प्रमुख पाहुणे अमरसिंहदादा दुपारी एकला आले. तोवर शौकीन मंडळींची एकमेकांच्या इंजिनांना नावं ठेवून संपली होती, आणि वत्सलाबाई काठावर उन्हात उभीच होती.

दादांचा कार्यकर्ता लखन नारळ घेऊन पुढं आला. "दादा नारळ फोडणार. कोणत्या बोटीवर?"

अभिमन्यूनं आपल्या बोटीच्या आरशासारख्या पॉलिशकडं पाहिलं. "पहिला मान स्थानिकांचा!" सहाही मालकांनी माना हलवल्या. मेळाव्याच्या तयारीच्या सहा महिन्यांत या मंडळींचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"दादा, दगड आणतो," उत्तरेश्वर घाईनं म्हणाला. "लाकूड जुनं हाय. दगडावर फोडा."

"मामा, भूमिपूजन हाय का हे?" लखन म्हणाला. "बोटीचं पूजन हाय. बोटीवरच फुटंल."

पहिल्या दणक्याला नारळ फुटला नाही, पण टाळ्या झाल्या. दुसरा दणका फोटोवाल्याकडून हुकला. "लखन्या, हे नारळ हाय का तोफेचा गोळा बे?" दादा चिडले आणि तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात वर नेले. काड् असा आवाज झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. नारळ दादांच्या हातात गरगरीत शाबूत होता.

"दादा, फळी पार तळापर्यंत चिरली," उत्तरेश्वर म्हणाला.

"कुठं? ती बारकी रेघ?"

"लाकूड पाण्यात फुगतंय, मामा," लखननं ज्ञान दिलं. "आपोआप मिटंल. तुमीच बोटीवाले आन् तुमालाच ठावं न्हाई?"

दादांना फेरी मारायची होती. त्यांच्यामागं लखन चढला, फोटोवाला चढला, दोन सरपंच आणि त्यांचे दोन उपसरपंच चढले. एक सरपंच चढला म्हणून त्याच्या विरोधातला माजी सरपंचही चढला. पाच जणांच्या बोटीत चालवणारा धरून नऊ झाले. बोटीत चढायला निघालेल्या वत्सलाबाईचा एक पाय पाण्यात पडला होता.

"मावशी, तुमी पुढच्या फेरीला," लखन म्हणाला.

उत्तरेश्वरनं बायकोकडं पाहिलं नाही. दोरी ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला गरजलं आणि पुण्याच्या सहा तोंडांचे आ झाले. सहा वर्षांच्या मेहनतीचं सुख उत्तरेश्वरला मिळालं; ते चाळीस फूट टिकलं. मग लखन म्हणाला, "मामा, पायात गार लागतंय." आणि बोट सरळ, शिस्तीत खाली बसली. पाणी कमरेएवढंच होतं. बुडालेल्या बोटीवर उभे राहून आठही पाहुणे हात हलवत होते, आणि काठावरच्या लोकांना हाही कार्यक्रमातलाच भाग वाटला.

कोरडे कपडे घालून दादांनी भाषण केलं. "बोट बुडाली, पण नारळ बुडाला न्हाई! हा शुभशकुन समजा." सर्वोत्तम जतनाची ढाल अभिमन्यूच्या बोटीला मिळाली. ती ट्रेलरवरून उतरलीच नव्हती. स्थानिक म्हणून उत्तरेश्वरचा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ देऊन. शाल नवी होती. श्रीफळ तेच.

संध्याकाळी ट्रॅक्टरनं बोट अंगणात आणून विटांवर टेकवली. उत्तरेश्वर शाल घडी न करता ओट्यावर बसला. वत्सलाबाईनं कोयता घेतला, नारळ घेतला आणि लुगडं सावरत ती बोटीत चढून बसली.

"आगं, काय करतीस?"

"बसते. आता कुणाची मनाई हाय?"

तिनं कोयत्याच्या पाठीनं एकच टोला दिला. नारळाची दोन भकलं झाली. पाणी तिच्या पायाशी बोटीच्या तळाला सांडलं.

"आवं, पाणी आलं बघा," ती म्हणाली. "आता तरी चालवा."

उत्तरेश्वर उठला, बोटीमागं गेला, त्यानं दोरी हातात घेतली. तोवर तेवढं पाणीही चिरेतून खाली, विटांवर गळून गेलं होतं.