चाकांची प्रदक्षिणा

पुढच्या उजव्या चाकात हवा कमी असल्याचं स्वरदा गायधनीच्या विजेवर चालणाऱ्या गाडीने सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अधिकृतपणे जाहीर केलं. स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर गाडीचं वरून काढलेलं चित्र होतं आणि चार चाकांपाशी चार आकडे. तीन हिरवे, छत्तीस. पुढचा उजवा लाल, सव्वीस.

स्वरदा नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. रंग बदलला की कारण शोधायचं, एवढीच तिची श्रद्धा. शिवाय गुरुवारी तिला येवल्याकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बाह्य परीक्षक म्हणून अकरा वाजता पोचायचं होतं. बाह्य परीक्षकाच्या हातून सील फुटल्याशिवाय रसायनाची एकही बाटली उघडायची नाही, असा नियम होता. तिची ही पहिलीच नेमणूक. चाळीस मुलं प्रयोग करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि दिसेल तेवढेच गुण द्यायचे, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

पेट्रोल पंपावर तिनं पुढच्या उजव्या चाकात हवा भरली. पडद्यावरचा लाल सव्वीस जागचा हलला नाही. पुढचा डावा आकडा मात्र चाळीस झाला.

दुसरं कुणी असतं तर गाडीला हात जोडले असते. स्वरदाने वही काढली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिनं एकेका चाकातली थोडी हवा सोडून पाहिली आणि अर्ध्या तासात निष्कर्ष लिहिला: प्रत्येक चाकाचा आकडा शेजारच्या घरी राहायला गेला आहे. पुढच्या उजव्याचा पुढच्या डाव्यापाशी, मागच्या उजव्याचा पुढच्या उजव्यापाशी. म्हणजे हवा जात होती मागच्या उजव्या चाकातून, आणि बदनाम होत होतं पुढचं.

बुधवारी ती वही घेऊन सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या सल्लागार तृप्तीने वही आदराने पाहिली आणि संगणकाकडे वळली.

"मॅम, मागच्या उजव्या चाकाची तक्रार घेता येत नाही. ते छत्तीस दाखवतंय."

"ते चुकीचं दाखवतंय, हीच तर तक्रार आहे."

"मग ती सेन्सरची तक्रार झाली. चाक निरोगी आहे."

दोन महिन्यांपूर्वी चाकांची अदलाबदल झाली, तेव्हा सेन्सरांची नोंदणी तिथल्याच मेकॅनिक रंगनाथने केली होती. त्याला बोलावलं.

"मी पुस्तकाप्रमाणेच केलं मॅडम," रंगनाथ म्हणाला. "पहिल्या चाकापासून सुरुवात करायची, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं आणि यंत्र एकेका चाकाला लावायचं."

"पहिलं चाक कुठलं?"

रंगनाथ बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला. क्षणभर त्याचे हात जोडले जाणार असं वाटलं. मग तो स्वतःच्या डावीकडे वळला आणि समोर आलेल्या चाकावर त्यानं थाप मारली. "हे."

"अहो, हे गाडीचं उजवं आहे. पुस्तकातलं पहिलं म्हणजे डावं!"

"पण समोर उभं राहिल्यावर हेच पहिलं लागतं ना? देवळात प्रदक्षिणेला तुम्ही कुठून निघता?"

प्रदक्षिणेत खोट काहीच नव्हती, फक्त ती एक चाक पुढून सुरू झाली होती.

"मग पुन्हा नोंदणी करा," स्वरदा म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही ना मॅम," तृप्ती हळहळली. "नोंदणी यशस्वी झालीय. अयशस्वी असती तर आत्ता करून दिली असती."

"चुकीची आहे ती."

"चुकीची आहे, पण यशस्वी आहे. त्याला इथे रकाना नाही."

शेवटी रंगनाथच म्हणाला, "पडद्यावरचं हलत नसेल, तर चाकं हलवू. प्रत्येक चाक एक घर मागे. मग पडदा जे म्हणेल ते तिथं असेलच."

स्वरदाने वहीत चार चौकोन काढले, बाण फिरवले आणि चिडली. चिडण्याचं कारण म्हणजे ते बरोबर होतं.

तासाभरात चारही चाकं पडद्याच्या म्हणण्याप्रमाणे बसली. पुढचं उजवं सव्वीस, आणि आता हवाही खरोखर तिथूनच जात होती.

"बघा मॅम," तृप्ती प्रेमाने म्हणाली, "सिस्टिम सोमवारपासून हेच सांगत होती."

"आणि पंक्चर?"

"ती नवी तक्रार. आता घेता येते. शुक्रवारी अकरा वाजता या."

"उद्या मला येवल्याला जायचंय!"

"हवा भरून जा ना. पंक्चर मात्र बाहेर काढून घेऊ नका हं. बाहेरचा हात लागला की सेन्सरची वॉरंटी जाते."

गुरुवारी सकाळी स्वरदाने हवा भरून घेतली. नाशकातच, द्वारका चौकाच्या सिग्नलला पस्तीस होते. निफाडला सत्तावीस. मग उतार लागल्यासारखे आकडे घसरू लागले आणि विंचूरच्या अलीकडे नऊवर गाडी थांबली. हवा गेली होती, पण अगदी अचूक गेली होती. त्याच वेळी तृप्तीचा फोन आला.

"मॅम, पडदा आणि चाक आता जुळतंय ना?"

"तंतोतंत," रस्त्याच्या कडेला उभी स्वरदा म्हणाली.

"मग आमच्या सर्व्हिसला पाचपैकी पाच तारे देणार ना?"

पंक्चरवाल्या कारभारीचं दुकान दीड किलोमीटरवर होतं. तो सायकलवरून आला, पण त्याआधी त्याला एक ट्रॅक्टर उरकायचा होता. चाकावर साबणाचं पाणी टाकून त्यानं बुडबुड्यांतून एक खिळा ओढून काढला. वॉरंटीही त्याबरोबर निघून गेली.

"ताई, खिळा लय जुना हाय. कुनी बघितला नाय?"

"सगळ्यांनी बघितलं. पडद्यावर."

"मंग चाकाकडं कोन बघनार व्हतं?"

स्वरदा परीक्षा केंद्रावर पोचली तेव्हा दीड वाजला होता. तिथले शिक्षक धम्मपाल सर पायरीवरच भेटले.

"या मॅडम. चहा घ्या, घामाघूम झालात."

"मुलं खोळंबली असतील ना?"

"छे, परीक्षा झाली की! अकराला तुम्ही आलात, लगेच सुरू केली."

"मी आत्ता येतेय!"

"ते प्रत्यक्षात." धम्मपाल सरांनी आवाज खाली आणला. "अकरा पाचला हजेरीचं पोर्टल बंद होतं. तुम्हाला हजर दाखवलं नसतं, तर चाळीस पोरं गैरहजर पडली असती. पोरांचा काय दोष?"

प्रयोगशाळेतली टेबलं कोरडी ठणठणीत होती. नियमाचं काटेकोर पालन झालं होतं. एकाही बाटलीचं सील फुटलं नव्हतं. उत्तरपत्रिकांत मात्र चाळीस जणांची रीडिंगं होती आणि ती पाठ्यपुस्तकाशी दशांशापर्यंत जुळत होती. यादीत गुणही भरलेले होते: तीसपैकी अठ्ठावीस, एकोणतीस, एकोणतीस. खाली तिच्या सहीपुरती जागा.

"मी सही करणार नाही," स्वरदा म्हणाली. "मी सहापर्यंत थांबते. सगळ्यांची परीक्षा आज पुन्हा घेऊ."

"माझी ना नाही. पालक बाहेरच आहेत. त्यांना विचारा."

आवारात पालक आणि मुलं घोळक्याने उभी होती. स्वरदा पायरीवर आली आणि वर्गात समीकरण समजावून सांगावं तसं तिनं सांगितलं: प्रयोग झालेलाच नाही, तो आज खरोखर होऊ शकतो, मुलांना हाताने करायला मिळेल, आणि जे दिसेल तेवढेच गुण मिळतील.

लंकाबाई नावाच्या एका आईने विचारलं, "मॅडम, आमच्या सविताला आत्ता किती हायेत?"

"एकोणतीस."

"आन् परत घेतल्यावर?"

"ते तिला काय येतं त्यावर."

"मंग राहू द्या," लंकाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुम्हीबी उन्हातून आलाय."

दोन मिनिटांत आवार रिकामं झालं. स्वरदा आत गेली आणि तिनं सही केली. वेळ लिहिली अकरा.

त्या घोळक्यात, वाचकहो, तुम्हीही होतात. आवारातून सगळ्यात आधी निघालेली गाडी तुमचीच.