भुईगावचे एकूण वजन

थेरेसा आंटी वजनकाट्यावर चढल्या आणि काटा चौऱ्याण्णववर जाऊन थांबला. सुधाकरने त्यांना खाली उतरवले, काटा शून्यावर आणला, स्वयंपाकघरातली सपाट फरशी शोधून पुन्हा मांडला. पुन्हा चौऱ्याण्णव.

"आंटी, ऑक्टोबरात तुम्ही एक्क्याण्णव होतात."

"तीन वाढले? एवढी बिस्किटं खाऊन पन?"

"किती खाल्लीत?"

"जेवन झालं की चार. मटन असलं तर सहा. नाताळात जरा जास्त झालं, तेव्हा आख्खा पुडा संपवला. औषध मी कधी चुकवलं नाय हां."

सुधाकर स्टुलावर बसला. ती बिस्किटे जेवणानंतर नव्हे, जेवणाऐवजी खायची होती.

मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा कमी करण्यासाठी २००३ साली आरोग्य खाते आणि एक बिस्कीट कंपनी यांनी हातमिळवणी करून एक अभियान काढले होते. खात्याने माणूस द्यायचा, कंपनीने कोंड्याची बिस्किटे. माणूस म्हणजे सुधाकर. गावातली शंभर वजनदार माणसे निवडली गेली, त्यांचे एकूण वजन भरले आठ हजार एकशे चाळीस किलो. तीन महिन्यांत त्यातले पाचशे उतरवायचे होते. उतरले, तर सुधाकरची अकरा महिन्यांची नेमणूक कायम होणार होती. न उतरले, तर ती तिथेच संपणार होती आणि क्षितिजाशी ठरत आलेले लग्नही. "कायम व्हा, मग तारीख काढू," असे तिच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितले होते.

सुधाकरने बिस्किटांचा नियम सभेत दोनदा समजावला होता. पण पुडे आरोग्य खात्याच्या गाडीतून आले, फुकट आले. असे येते ते औषध, आणि औषध जेवणानंतर घेतात, हे गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती. जेवण जास्त झाले की औषधही वाढवायचे, हे गावाने स्वतःच ठरवले.

संध्याकाळपर्यंत सुधाकरने शंभर जणांना काट्यावर चढवले. बेरीज आठ हजार तीनशे बावन्न. पाचशे उतरायचे होते, दोनशे बारा चढले होते. अखेरचे वजन सहा दिवसांवर होते.

थेरेसा आंटींचे नवरे डॉमनिक अंकल केळीच्या बागेतून आले, तेव्हा सुधाकर त्यांच्या स्वयंपाकघरात पुन्हा त्याच स्टुलावर येऊन बसला होता.

"किती कमी पडतात?" त्यांनी विचारले.

"सातशे बारा किलो."

डॉमनिक अंकलनी पाय धुतले, पुसले आणि मग बोलले. "वीस मानसं बदलायची. थेरेसाच्या नावावर आपली सून प्रीतल उभी राहील. ती केवढीशी आहे. एकामागे छत्तीस किलो धर. वीस छत्तीस सातशे वीस. आठ किलो वर."

"अंकल, हे खोटं होईल."

"मग खरं सांगून घरी जा."

सुधाकर काही बोलला नाही. हा नकार आहे, असे त्याने स्वतःला समजावले. होकार आहे, असे डॉमनिक अंकलनी धरले.

रविवारी सकाळची मिस्सा-प्रार्थना सुटल्यावर डॉमनिक अंकलनी चर्चच्या आवारात गोष्ट सांगितली. पोरगा चांगला आहे, त्याची नोकरी वाचवायची, वीस घरांनी बारीक माणूस पाठवायचा. कोणती वीस घरे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. नावे घेतली असती, तर जाडा कोणाला म्हटले यावरून दुपारपर्यंत गावात दोन तट पडले असते.

त्याच दिवशी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात वजने सुरू झाली. काट्यापाशी कंपनीची मुंबईहून आलेली एक मुलगी होती. तिने गाव पहिल्यांदाच पाहिले होते. मंडपात आरोग्य खात्याचे मोठे डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी सुधाकर.

"थेरेसा, वय अठ्ठावन्न."

प्रीतल काट्यावर चढली. एक्केचाळीस.

मुलीने कागद पाहिला, प्रीतलकडे पाहिले. "वय अठ्ठावन्न?"

"वजन उतरलं की वय पण उतरतं, मॅडम," प्रीतल म्हणाली.

सुधाकरने घाम पुसला. पुढचे नाव पुकारले गेले आणि कॉलेजात जाणारा एक काडीसारखा मुलगा पुढे आला. मग एक नवी सून. मग पाचूबंदरचा एक सडसडीत मच्छीमार, जो भुईगावात मेव्हण्याकडे आला होता. विसावे नाव झाले, तेव्हा सुधाकरने सुटकेचा निःश्वास सोडला. एकविसाव्या नावाला भाजीच्या वाडीतला मजूर उभा राहिला. छत्तीस किलो.

"बास," सुधाकर पुटपुटला.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारले.

"काही नाही सर. बसा म्हणालो."

तिसावा बारीक. पन्नासावा त्याहून बारीक. बाकीची ऐंशी घरे जाडी माणसे पाठवतील, तेव्हा आपण बारीक पाठवू, असा विचार शंभर घरांनी केला होता. सुधाकर ओरडू शकत नव्हता. ओरडायचे तर काय ओरडायचे, हेही त्याला सुचत नव्हते. समोरच्या झाडाखाली शंभर खरी माणसे खुर्च्यांवर दाटीवाटीने बसून टाळ्या वाजवत होती.

बेरीज आली चार हजार तीनशे दहा.

"तीन हजार आठशे तीस किलो कमी!" मुलगी आनंदाने किंचाळली.

डॉक्टर मात्र पांढरे पडले. "सरासरी त्रेचाळीस? तीन महिन्यांत निम्मं गाव उतरलं? सुधाकर, तुम्ही ह्या लोकांना जेवायला देत होतात ना?"

पुढच्या आठवड्यात दोन पत्रे आली. कंपनीचे गावाला आणि खात्याचे सुधाकरला. 'भुईगाव हे गाव तीव्र कुपोषित आढळले आहे. तीन महिन्यांत लाभार्थींचे एकूण वजन मूळ आठ हजार एकशे चाळीस किलोंवर आणावे. तसे झाल्यास आपली नेमणूक कायम होईल, अन्यथा संपुष्टात येईल.'

सुधाकरने ते डॉमनिक अंकलना दाखवले. ते हसत सुटले.

"अरे, मग रडतोस कशाला? ह्या वेळी खरी मानसं उभी करू. आठ हजार तीनशे बावन्न तयारच आहेत. कोनी काय करायचं नाय. नुसतं बसायचं."

त्या रात्री सुधाकरला तीन महिन्यांत प्रथमच शांत झोप लागली. क्षितिजाच्या वडिलांना त्याने फोनही केला. "काम झाल्यातच जमा आहे."

सकाळी तो भुईगावच्या किनाऱ्यावर आला आणि जागीच थिजला. ओल्या वाळूवरून शंभर माणसे हात हलवत झपाझप चालत होती. सगळ्यांत पुढे थेरेसा आंटी, पायांत डॉमनिक अंकलचे बूट.

"आंटी! काय चाललंय हे?"

"दुसरं पत्र आलं ना, कंपनीचं," आंटी न थांबता म्हणाल्या. "तीन महिन्यांनी मुंबईत शंभर जनांचा सत्कार. फोटो काढनार. माझं वजन तिकडे एक्केचाळीस लिवलंय. त्रेपन्न उतरवायचे आहेत मला!"

सुधाकरने मनात भागाकार केला. दोनशे बारा किलो, शंभर माणसे. प्रत्येकी दोन किलो आणि थोडे उतरले, की नोकरी गेली.

"थांबा! बसा सगळे! चालू नका!"

"तीन म्हैने बोंबललास चाला चाला, आता बसा?" आंटी म्हणाल्या. "बाजूला हो रे. कालच दीड किलो उतरलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे चालणाऱ्यांच्या वाटेवर एक टेबल मांडलेले होते. त्यावर गरम भज्यांची परात होती आणि मागे अभियानाची पांढरी टोपी घातलेला सुधाकर.

"घ्या ना अंकल, दोनच. आंटी, कांद्याची आहेत."

शंभर माणसे त्याच्यासमोरून गेली. कोणी मान वळवली नाही. शेवटचा माणूस किनाऱ्याच्या टोकाला दिसेनासा झाला, तेव्हा सुधाकरने परातीकडे पाहिले, एक भजे उचलले, मग दुसरे.

त्या दिवशी भुईगावात वजन वाढलेला तो एकटाच होता, आणि त्याचे नाव यादीत नव्हते.