तात्यांची शेजपाळी

सकाळी सात वाजता आमच्या शेजारच्या अंगणात टोमॅटोचे पाच क्रेट पालथे घातलेले असतात. प्रत्येक क्रेटखाली एक मांजर, प्रत्येक क्रेटवर एक दगड. समोर खुर्चीत तात्या, हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. नवा दूधवाला पहिल्या दिवशी हे बघून थबकला आणि मला हळूच म्हणाला, "बाई, म्हातारा मांजरं बाजारात न्हेतोय का काय?"

बाजारात नाही नेत. पाळीनं जेवू घालतात.

मला स्वतःला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत शिकवते, दिवसभर चाळीस पोरं सांभाळते, घरी येऊन कुणाच्या शेपटीवर पाय पडायला नको वाटतं. पण तात्यांच्या आणि आमच्या अंगणात फक्त एक मेंदीचं कुंपण, त्यामुळे आवडो न आवडो, सगळं दिसतं.

तात्या उभी हयात कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानात कधी पाणी सोडायचं आणि कधी दार लावायचं, ते त्यांनी ठरवायचं. कालव्याचा नियम शेजपाळीचा. चारी, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणारा लहान पाट, तिच्या शेवटच्या टोकाला जे शेत, त्याला आधी पाणी. मग एकेक शेत मागं येत येत तोंडापाशी. नाहीतर तोंडापाशी बसलेला सगळं ओढून घेतो आणि शेवटचा बोंबलत बसतो. "आदी टेल, मग हेड. आन् पाळीबिगर पाणी न्हाय," हे तात्यांचं वाक्य आमच्या अख्ख्या कळंब गावाला पाठ आहे. स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याचा मका करपत होता, तरी त्यांनी एक दिवस आधी दार उघडलं नाही. मेहुणा अजून लग्नकार्यात त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसतो.

रिटायर झाले, कालवा सुटला, पण नियम कुठं सुटतोय? तो मांजरांवर आला.

मांजरं मुळात काकींची, म्हणजे तात्यांच्या बायकोची. दोन वर्षांपूर्वी काकी गेल्या. मागं उरली चिमी नावाची पांढरी-पिवळी म्हातारी आणि चार तरणी मांजरं. चिमीचं नाव काकींनी ठेवलेलं. बाकीच्यांची नावं ठेवायची राहून गेली होती, ती तात्यांनी ठेवली: चारी नंबर एक, दोन, तीन आणि चार. एखाद्यानं दुसऱ्याच्या ताटलीत तोंड घातलं की शिट्टी वाजते आणि कुंपणापलीकडून हाक येते, "दोन नंबर फुटली." आणि वर मला ऐकवायचं, "मला काय मांजराचं कौतुक न्हाय, बाई. तिची हायती. आता टाकू कुठं?"

अंगात बळ नाही ती टेल, म्हणून चिमीला पहिली पाळी. दूध-भाकरीचा काला, वर चार सुकटी. तिचं चाटूनपुसून झालं की मग बाकीचे. हे दीड वर्ष सुरळीत चाललं.

गेल्या उन्हाळ्यात चिमी सारखी पाणी प्यायला लागली. भांड्यात तोंड घालून बसायची ती उठायचीच नाही. आणि जेवढं प्यायची तेवढं उंबऱ्यावर, गोणपाटावर, तात्यांच्या चपलांत. वजन मात्र उतरत चाललेलं. मी म्हटलं, तात्या, डॉक्टरला दाखवा. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कालव्याचं गणित शिकवतेय.

"गळती हाय ही," ते म्हणाले. आत आलेलं पाणी अंगी लागत नाही, नुसतं वाहून जातंय, मग जास्त सोडून उपयोग काय? फुटक्या चारीला आधी पाणी कमी करतात, मग डागडुजी. झालं. घरातली पाण्याची भांडी उचलली. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी, मोजून. उंबरा दोन दिवसांत कोरडा झाला. तात्या खूश. मीही गप्प बसले, ते आजही मला खातं. मांजर माझं नाही म्हणून मी गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी चिमी पाळीला उठली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. सुकट नाकाशी धरली तरी मान वळवेना. तात्या माझ्या दारात आले ते अनवाणी. म्हणाले, "बाई, तुमची गाडी हाय न्हवं?"

एका क्रेटमध्ये चिमी, वर दुसरा क्रेट पालथा, सुतळीनं बांधलेला. असं आम्ही बारामती गाठली. दवाखान्यात सगळी म्हशी-गाईंची माणसं. त्यात मांडीवर क्रेट घेतलेले तात्या. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. रक्त तपासलं, पोट चाचपलं, आणि म्हणाल्या की हिच्या किडन्या थकल्यात. त्यांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती सारखी पीत होती. पीत होती म्हणून तगली होती. मग त्यांनी विचारलं, पाणी कमी केलं होतं का?

तात्या खोटं बोलत नाहीत. भांडी, वाट्या, वेळा, सगळं सांगितलं.

"आजोबा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "तुम्ही तिचं पाणी तोडलंत."

रागावल्या नव्हत्या. पण ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचं पाणी तोडलं, त्याला हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी ऐकवलं होतं. सलाईन लागलं, औषधं लिहून दिली, वेगळं खाणं दिलं. सुकट बंद, मीठ बंद. थोडं थोडं, पण दिवसातून चार-पाच वेळा. आणि पाणी मागेल तेवढं. तात्यांनी नुसती मान हलवली.

परतताना कालव्याच्या पुलावर ते गाडी थांबवा म्हणाले. खाली पाण्याचं आवर्तन चालू होतं, कालवा काठोकाठ. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लगीन झालं त्याच साली तिनं घरामागं वांगी लावलती. चारी धा पावलांवर. म्हनली, एक बारं पानी द्या. मी म्हनलं, पाळी न्हाय. हापशावरनं घागरी आनून जगवली तिनं. पर मला परत कवा कायबी मागितलं न्हाय, बाई. शेवटच्या दुखन्यातबी न्हाय."

मी गाडी सुरू केली.

त्यानंतर अंगणात क्रेट आले. कारण चिमीचं पथ्याचं खाणं बाकीचे चौघे फस्त करायचे, आणि चिमी संधी साधून त्यांच्या सुकटीवर तुटून पडायची. आता दगडाखाली सगळे शहाणे झालेत; सात वाजले की आपापल्या क्रेटपाशी जाऊन उभे राहतात. घरात पाण्याची नऊ भांडी आहेत, उंबऱ्यावर, कॉटखाली, देवघरासमोर. दर दोन दिवसांनी खिळ्याला बाटली अडकवून चिमीच्या कातडीखाली सलाईन देतात, तेही डॉक्टरीण बाईंकडून शिकून घेतलं. उभा जन्म ठिबक सिंचनाला नावं ठेवणारा माणूस सलाईनच्या नळीवरची चकती अशी हलक्या हातानं फिरवतो की चिमी डोळासुद्धा उघडत नाही. उंबरा कायम ओला. तात्या तो रोज पुसतात आणि मला म्हणतात, "व्हऊ दे की."

परवा दुपारी मी वाटीभर दही द्यायला गेले. चिमीनं सकाळपासून तोंड लावलं नव्हतं. म्हातारं जनावर, असे दिवस आता येत राहणार, हे तात्यांनाही कळतं. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. खाणं तव्यावर जरा कोमट केलेलं, बोटावर घेतलेलं. तीन नंबर आणि चार नंबर मागं ओरडत होते, त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. शिट्टी खुंटीला.

मी दारातच थांबले. त्यांनी मला पाहिलं नाही.

"तुला पाळी न्हाय गं," ते तिला सांगत होते. "कवाबी माग. माग की. तू नुसतं माग."

चिमी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग बारीक आवाजात एकदा ओरडली आणि बोट चाटायला लागली. तात्यांनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले. मी दही उंबऱ्यावर ठेवलं आणि घरी आले.